एक्स-रे चांगला आला म्हणून गप्प बसू नकोस

प्रिय दिनू,

काल फोनवर तू म्हणालास, "एक्स-रेत काही नाही, मनगट नुसतं मुरगळलंय." तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. हेच वाक्य मीही ऐकलं होतं आणि त्याच्या भरवशावर सात महिने घालवले.

तुला आठवत असेल, पावसात शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायरीवरून घसरलो आणि पडताना हात टेकला. सूज आठवड्यात उतरली. पण ओला टॉवेल पिळताना, कुलपात किल्ली फिरवताना करंगळीच्या बाजूला अशी कळ यायची की हातातली वस्तू सुटायची. तेलानं चोळून घेतलं, एकाकडून मनगट ओढूनही घेतलं. दुखणं वाढलंच. शेवटी हाताच्या सर्जननी करंगळीकडच्या उंचवट्याशेजारी जी छोटी खळगी असते, तिथे बोटाचं टोक दाबलं. मी ओरडलोच. तिथे टीएफसीसी असते. कूर्चा आणि लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारे चिवट पट्टे, मिळून झालेली तिकोनी गादी. कोपरापासून आलेली दोन हाडं तिनं मनगटापाशी एकमेकांशी बांधलेली असतात. एक्स-रेत ती दिसत नाही. माझी फाटलेली होती, ते एमआरआयमध्ये कळलं. तिच्या मधल्या भागाला रक्तच पोचत नाही, तिथली चीर आपोआप भरत नाही. माझी चीर कडेला होती, जिथे रक्त पोचतं, म्हणून दुर्बिणीतून टाके घालता आले.

तुझी जागा वेगळी वाटते रे. मनगटाच्या पाठीवर, मधल्या बोटाच्या रेषेत, आणि जोर दिला की कट्कन वाजतं म्हणालास. मनगटातल्या आठ हाडांपैकी स्कॅफॉइड आणि ल्युनेट ही दोन तिथे एका लिगामेंटनं जोडलेली असतात. ते तुटलं तर हाडं फाकतात, कलतात आणि काही वर्षांत सांधा झिजतो. ताजं असताना शिवता येतं, महिने उलटले की काम अवघड होतं. साध्या एक्स-रेत ती फट लपू शकते. मूठ घट्ट आवळून दोन्ही हातांचे काढले की पुष्कळदा उघडी पडते. स्कॅफॉइडची बारीक चीरसुद्धा पहिल्या एक्स-रेत कधीकधी सुटते.

डॉक्टरांना दाखवेपर्यंत मनगटाचा पट्टा काढू नकोस, गोठ्यातली बादली उजव्या हातानं उचलू नकोस आणि कुणालाही मनगट ओढू देऊ नकोस. मी शुक्रवारची वेळ घेतोय. जुना एक्स-रे घेऊन पहिल्या एसटीनं ये, मी स्टँडवर थांबतो.

तुझाच,
सुधीर