सपाट तळाची पेटी आणि भलत्याच पाखराचे माहितीपत्रक

देवगड, जि. सिंधुदुर्ग
१० फेब्रुवारी २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 'लव्हबर्ड ब्रीडिंग किट'मधील सदोष पेटी व चुकीचे माहितीपत्रक

महोदय,

मी ३ नोव्हेंबर २०२४ रोजी आपल्या संकेतस्थळावरून वरील किट मागवले. किंमत २,४९९ रुपये, पैसे आगाऊ भरले. कुरिअर आमच्या वाडीपर्यंत येत नाही, म्हणून १० तारखेला माझे यजमान एसटी स्टँडवर जाऊन खोके घेऊन आले. आत लाकडी पेटी, दोन किलो दाणे, एक समुद्रफेस (पाखरांना कॅल्शियमसाठी देतात तो), दोन वाट्या आणि चार पानांचे रंगीत माहितीपत्रक होते.

दाण्यांना कुबट वास येत होता. ते मी कोंबड्यांनासुद्धा घातले नाहीत, टाकून दिले आणि बाजारातून राळे आणि बाजरी आणली. समुद्रफेसाबद्दल तर बोलायलाच नको. आमच्या किनाऱ्यावर तो फुकट पडलेला असतो. गोड्या पाण्यात चार दिवस भिजवून खार काढला आणि उन्हात वाळवला की झाले. त्याचे तुम्ही वेगळे १४९ रुपये लावता, ते तुम्हाला लखलाभ. माझी तक्रार या दोन्हींबद्दल नाही. ती पेटीच्या तळाबद्दल आणि त्या चार पानांबद्दल आहे.

आमच्याकडे बजीची (बजरीगर या छोट्या पोपटाची) एक जोडी तीन वर्षांपासून आहे. नर हिरवा, मादी निळी. मुंबईच्या दुकानापासून आमच्या बाजारापर्यंत सगळे यांना 'लव्हबर्ड' म्हणतात, मीही म्हणत होते. आधीच्या दोन्ही वेळा या जोडीने मडक्यात पिल्ले काढली. कुंभाराकडून ऐंशी रुपयांचे मडके आणायचे, बाजूला भोक पाडून घ्यायचे आणि आडवे टांगायचे. दोन वेळची मिळून सात पिल्ले झाली आणि एकाचाही पाय वाकडा नव्हता. गेल्या पावसाळ्यात वाऱ्याने मडके पडून फुटले. नातवाने मोबाईलवर तुमची जाहिरात दाखवली : "मडक्याचे दिवस गेले! उघडता येणारी, स्वच्छ, आधुनिक पेटी." मला ते पटले. मडक्यात हात जात नाही, आत काय चालले आहे ते दिसत नाही. पेटीचे झाकण उघडते ही खरोखर सोय आहे, ते मी आजही नाकारत नाही.

मादीने २ डिसेंबरला पहिले अंडे घातले. मग एक दिवसाआड करत १० तारखेपर्यंत पाच. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत खुणा करून ठेवल्या. तुमच्या माहितीपत्रकात "२३ दिवसांनी पिल्ले बाहेर येतील" असे छापले आहे, म्हणून मी नाताळच्या दिवसाकडे डोळे लावून होते. २० डिसेंबरच्या सकाळीच आतून चिवचिव ऐकू आली. म्हणजे अठरावा दिवस. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण शाळेत चौतीस वर्षे छापील पुस्तकावर विश्वास ठेवून शिकवले, ती सवय लवकर जात नाही.

त्याच माहितीपत्रकात ठळक अक्षरांत लिहिले आहे : "पिल्ले निघाल्यावर ३० दिवस पेटी उघडू नये, मादी पिल्ले टाकून देते." आम्ही ते पाळले. त्या दिवसांत आजूबाजूच्या बागांत आंब्याच्या मोहोरावर फवारणी चालू होती, म्हणून पिंजरा पडवीतून माजघरात आणला. तोही असा जपून, की झाकणाला हात लागू नये. नर दिवसभर मादीला भरवत होता, मादी आत पिल्लांना. सगळे छान चालले आहे असे वाटत होते.

६ जानेवारीला पेटीतून उग्र वास येऊ लागला, म्हणून न राहवून झाकण उघडले. एक अंडे पोकळ निघाले होते आणि चार पिल्ले होती. सर्वांत मोठे सतरा दिवसांचे. ते पोटावर सपाट पडले होते आणि दोन्ही पाय, होडीतून वल्ही टाकावीत तसे, दोन बाजूंना सरळ गेले होते. उठायचा प्रयत्न केला की छाती घासत गोल फिरायचे. त्याच्या खालच्या पिल्लाचा एक पाय तसाच. धाकट्या दोघांचे नुकते फाकू लागले होते. माझी नात वाकून बघत म्हणाली, "आजी, हे कुर्लीसारखं का चालतंय?" त्या दिवसापासून त्याचे नाव कुर्ली, म्हणजे खेकडा, पडले.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर भले आहेत. त्यांनी सरळ सांगितले, "माझं काम गाईगुरांचं, पाखरांचं मला फार कळत नाही." त्यांच्याच ओळखीने रत्नागिरीच्या एका जुन्या पक्षीपालकांचा नंबर मिळाला. फोटो पाठवला. त्यांनी फोन करून पहिला प्रश्न विचारला तो असा : "पेटीचा तळ सपाट आहे का?"

त्यांच्याकडून जे कळले ते तुम्हाला सांगते, कारण पेटी बनवणाऱ्याला ते माहीत असावे अशी माझी समजूत होती. बजी घरटे बांधत नाही. हा पक्षी मूळचा ऑस्ट्रेलियातला, झाडाच्या ढोलीत राहणारा. काडी नाही, कापूस नाही, मादी उघड्या लाकडावर अंडी घालते. ढोलीचा तळ सहसा खोलगट असतो, म्हणून अंडी मध्ये गोळा राहतात आणि पिल्लांचे पाय पोटाखाली दुमडलेले राहतात. गुळगुळीत, सपाट फळीवर पायाला पकड मिळत नाही. वरून आईचे वजन येते आणि कोवळी हाडे फाकत जातात. म्हणून बजीच्या पेटीच्या तळाला खळगा कोरतात, वर थोडा रंध्याचा भुसा घालतात. मडक्याला तो गोलावा जन्मजातच असतो. ज्या मडक्याचे दिवस तुम्ही घालवायला निघालात, त्याच्याकडून तेवढे तरी घ्यायचे होते.

त्या रात्री मी लाल पेन घेऊन तुमचे माहितीपत्रक पुन्हा वाचायला बसले. मुखपृष्ठावर बजीचा फोटो. आत पहिलेच वाक्य, "हा आफ्रिकेतील पक्षी आहे." पुढे, "नर व मादी दिसायला सारखेच असतात, ओळखण्यासाठी डीएनए चाचणी करावी." आमच्या नराच्या चोचीवरची नाकाची जागा निळीशार आहे आणि मादीची तपकिरी, हे माझी सहा वर्षांची नात सांगते. पुढे तेवीस दिवस. आणि मग हे वाक्य : "मादी कागदाच्या पट्ट्या पंखांत खोचून आणेल व स्वतः गादी तयार करेल, त्यामुळे पेटीचा तळ सपाट ठेवला आहे."

महोदय, आमच्या मादीने आजवर एक कागदाचा कपटा आत नेलेला नाही. तिने फाडलेले माझे जुने हजेरीपत्रक मात्र पिंजऱ्याखाली पडलेले आहे.

ही चारही वाक्ये एका पक्ष्याबद्दल खरी आहेत. तो आफ्रिकेतला खरा लव्हबर्ड. आखूड शेपटीचा, अंगाने भरलेला, जाड चोचीचा. त्यातल्या पीच रंगाच्या तोंडाच्या जातीची मादी खरोखर पट्ट्या कुरतडून पाठीमागच्या पिसांत खोचते आणि पेटीत जाडजूड गादी घालते. तिला सपाट तळ चालत असेल. बाजारात लोक बजीलाच लव्हबर्ड म्हणतात, हे मला मान्य आहे. तो आम्हा ग्राहकांचा अडाणीपणा. पण तुम्ही दुसऱ्याच पाखराची पेटी आणि दुसऱ्याच पाखराची माहिती घेतलीत, वर बजीचा फोटो लावलात आणि आमचाच अडाणी शब्द शीर्षक म्हणून छापलात. सहावीच्या मुलाने भूगोलात आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियाची अशी अदलाबदल केली असती तर मी त्याला नकाशा दहा वेळा काढायला लावला असता.

आता तुमच्या ग्राहक सेवेविषयी. मी ७ जानेवारीला फोटोंसह ईमेल केला. १२ तारखेला पुन्हा केला. उत्तर आले १५ तारखेला. त्यात तीन मुद्दे होते. पहिला, परत करण्याची मुदत सात दिवसांची होती, ती संपली. ज्या वस्तूचा दोष पिल्ले निघाल्याशिवाय दिसणारच नाही, आणि अंडे उबायलाच अठरा दिवस लागतात, तिला सात दिवसांची मुदत ठेवणे म्हणजे आंबा मोहोरात असतानाच गोड आहे की आंबट ते सांगा म्हणण्यासारखे आहे. दुसरा मुद्दा, "आपल्या भागातील दमट हवामान." हवा दमट आहे खरी. पण मग मडक्यातली सात पिल्ले कुठल्या कोरड्या मुलखात वाढली? तिसरा, "कॅल्शियमची कमतरता असू शकते." हा मुद्दा मी उडवून लावत नाही. कॅल्शियम कमी पडले तर हाडे कमकुवत होतात, हे मला रत्नागिरीहूनही सांगितले गेले. पण आमच्या पिंजऱ्यात समुद्रफेस बारा महिने टांगलेला असतो आणि मादीला या दिवसांत उकडलेले अंडेही देतो. त्याहून मोठा पुरावा पुढे आहे.

पेटी मी आमच्या वाडीतल्या सुताराला दाखवली. त्याने आयुष्यात पाखरू पाळलेले नाही. झाकण उघडून तळावर हात फिरवत तो म्हणाला, "बाईनू, हेच्यात अंडी गडगडणत नाय काय?" त्याने आंब्याच्या फळीचा तुकडा घेतला, पटाशीने बशीएवढा खळगा कोरला, पॉलिश पेपर न मारता खरखरीतच ठेवला आणि पेटीत बसवून दिला. मजुरी १२० रुपये. रत्नागिरीच्या गृहस्थांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही तीन पिल्लांचे पाय, सलाईनच्या सुईवर लावतात त्या कागदी चिकटपट्टीने, अंगाखाली जवळ आणून बांधले. मध्ये स्पंजचा बारीक तुकडा, म्हणजे रक्त अडकत नाही. मादीने एकाही पिल्लाला टाकले नाही. मी रोज झाकण उघडत होते, ती रोज मान वाकडी करून माझ्याकडे बघत होती. सहा दिवसांत धाकटी दोन्ही उभी राहिली. दाणे तेच, हवा तीच, आई तीच. बदलला तो फक्त तळ. कॅल्शियम एका फळीत कोरून घालता येत असेल, तर तो शोध तुम्ही जरूर जाहिरातीत छापावा.

दुसरे पिल्लू लंगडते, पण दांडीवर बसते. कुर्लीला उशीर झाला होता. तिची हाडे तोवर धरली होती. माहितीपत्रकाने महिनाभर झाकण उघडू नका असे बजावले नसते, तर मी पहिल्या आठवड्यातच पाहिले असते आणि तिचेही पाय सुधारले असते. ही गोष्ट मला पेटीपेक्षा जास्त लागली आहे. बाकीची तिघे २४ जानेवारीपासून एकेक करत बाहेर पडली. कुर्ली उडते, पण उतरते ती पोटावर.

तुमच्या प्रतिनिधींनी फोनवर सांगितले, "मॅडम, वो तो नेचर का है," आणि पुढच्या खरेदीवर दहा टक्के सवलतीचे कूपन पाठवले. ते मी वापरलेले नाही, वापरणारही नाही.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तुमची पोच आठव्या दिवशी आली आणि महिना ७ फेब्रुवारीला संपला. म्हणून हे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनच्या १९१५ क्रमांकावर नोंद करीन आणि सिंधुदुर्गनगरीला (ओरोसला) जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. २०१९ च्या कायद्याने ग्राहकाला आपल्याच जिल्ह्यात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. निवृत्त माणसाकडे वेळ भरपूर असतो आणि ओरोसला जायला एसटी आहे.

पिल्लाच्या पायाची भरपाई मी मागत नाही. तिची किंमत काढायला बसले तर तुम्हाला परवडणार नाही आणि मला जमणार नाही. किटचे २,४९९ रुपये आणि सुताराचे १२० रुपये परत करावेत. बजीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक पेटीत खळगा असलेला तळ द्यावा, तोवर त्या पेटीची विक्री थांबवावी. माहितीपत्रक नव्याने लिहून घ्यावे, आणि ते बजी पाळलेल्या माणसाकडून. ज्यांनी ज्यांनी हे किट घेतले त्यांचे पत्ते तुमच्याकडे आहेतच. त्यांना दोन ओळी कळवा की पेटी रोज उघडून बघा आणि तळाला खळगा करून घ्या. हा हंगाम अजून सरलेला नाही. कुणाच्या तरी माजघरात आत्ता याच फळीवर अंडी असतील. बाकीच्या मागण्यांचे काहीही करा, हे मात्र आजच करा.

सोबत पावतीची व दोन्ही ईमेलची प्रत, चारही पिल्लांचे तारखेनिशी फोटो, आणि लाल शाईने दुरुस्त केलेल्या माहितीपत्रकाची झेरॉक्स जोडली आहे. मूळ प्रत माझ्याकडे राहील.

पैसे परत हवे असल्यास वस्तू "मूळ खोक्यासह" परत करावी, अशी अट तुमच्या १५ तारखेच्या उत्तरात आहे. पेटी केव्हाही न्या, स्टँडवर आणून ठेवते. खोके देता येणार नाही. त्यात टॉवेल घालून कुर्लीला ठेवले आहे.

आपली,
एक ग्राहक
(निवृत्त प्राथमिक शिक्षिका)