व्यंगचित्राखाली साल तरी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युद्धकाळातल्या करांवरच्या जुन्या व्यंगचित्रांची रविवारची पुरवणी आवडली. पण इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेच्या चित्राखाली नुसतं ‘एक जुने इंग्रजी व्यंगचित्र’ एवढंच छापलंत, तिथे अर्धी गंमत गेली.

ते चित्र १८०६ सालचं. नेपोलियनशी लढाई चालू, ब्रिटिश पंतप्रधान पिट नुकतेच वारलेले. पिट यांच्या करांवर वर्षानुवर्षं तोंडसुख घेणारे विरोधी नेते फॉक्स आता सत्तेत, आणि त्यांच्याच सरकारचे अर्थमंत्री लॉर्ड हेन्री पेटी यांनी प्राप्तिकर सव्वासहा टक्क्यांवरून थेट दहावर नेला. म्हणून वसुलीला जॉन बुलच्या (म्हणजे व्यंगचित्रातल्या सामान्य इंग्रजाच्या) दारात पेटी उभे, सोबत फॉक्स, आणि शीर्षकात फॉक्स यांना ‘जनतेचा मित्र’ म्हटलंय! साल न देता हा टोमणा कळणार कसा? विरोधात असताना एक आणि खुर्चीत बसल्यावर दुसरं, हे आम्हा कोकणातल्या वाचकांना समजावून सांगावं लागत नाही. फक्त कोण ते सांगा.

लेखात व्यंगचित्रकारांना सरसकट गरिबांचे कैवारी ठरवलंय, तेही पटलं नाही. गिलरेला १७९७ पासून काही वर्षं पिट यांच्या सरकारकडून वर्षाला २०० पौंड मिळत. त्याने चित्र खोटं ठरत नाही, पण चित्रकाराने कुणाचं मीठ खाल्लं होतं ते वाचकाला कळायला हवं.

पिट यांनी १७९९ मध्ये लढाईसाठी आणलेला हा प्राप्तिकर आपल्याकडे १८६० मध्ये पोचला. सत्तावनच्या उठावात रिकामी झालेली तिजोरी भरायला इंग्रज सरकारचे इथले अर्थमंत्री जेम्स विल्सन यांनी तो लावला. आपल्या लेखात त्याचा उल्लेखही नाही.

अलीकडचंही एक सुचवतो. नोव्हेंबर १९७१ पासून पाकिटावर बांगलादेशच्या निर्वासितांच्या मदतीचं ५ पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. पोस्टकार्डाला माफी होती. चाकरमान्यांची खुशाली कार्डावर भागायची, पण जमिनीचे वाद उघड्या कार्डावर कोण लिहिणार? (आणि आमच्या वेंगुर्ल्याकडे वादांना तोटा नाही.) त्याला पाकीटच लागे. लढाई डिसेंबरात संपली, तिकीट मात्र १९७३ च्या मार्चअखेरपर्यंत राहिलं. त्यावर तेव्हा कुणी व्यंगचित्र काढलं असेल, तर आपल्या जुन्या फायलींतून शोधून छापावं. तारखेसकट.

— एक निवृत्त शिक्षक, वेंगुर्ले