कठडा आणि भातुकली

शिकागो,
12 जानेवारी

प्रिय दिन्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "अजून तो महालच चाललाय का रे?" तोच, बाहुलीघरासारखा चिमुकला महाल. तळघरात, नववं वर्ष. बाहेर उणे पंधरा आणि मी खाली अंड्यांचे ट्रे कातरत बसलोय.

ट्रे लागतात भिंतीच्या दगडांसाठी. त्या करड्या लगद्याचे नखाएवढे तुकडे करायचे, कोपरे कात्रीने मारायचे आणि गुलाबी फोमच्या भिंतीवर एकेक चिकटवायचा. मग काळा रंग पाण्यासारखा पातळ करून वरून फासायचा. तो फटींत उतरला की भिंत एकदम जुनी दिसायला लागते. एका बुरुजाला चौदाशे दगड बसले. "मोजलेस?" म्हणून वृंदाने जे बघितलं, ते लिहीत नाही.

पहिला बुरूज मात्र माझ्याच हातून गेला. घाईघाईत स्प्रेचा डबा मारला आणि फोम डोळ्यांदेखत आत बसत गेला, तव्यावर लोण्याचा गोळा बसावा तसा. स्प्रेतलं सॉल्व्हंट फोम खातं. डब्यावर लिहिलेलं होतं, वाचतो कोण! तीन महिने तळघरात पाऊल टाकलं नाही.

हे खूळ लागलं इथल्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात. मूकपटांतली नटी कॉलीन मूर, तिने 1928 साली असाच चिमुकला परीमहाल करायला घेतला. सात वर्षं, कारागिरांची फौज, जवळजवळ पाच लाख डॉलर. 1935 पासून तो गावोगाव दाखवून मुलांच्या संस्थांसाठी पैसे उभे केले, आणि 1949 पासून तो इथे आहे. आत वीज आहे, नळाला पाणी आहे. पण मी अडकलो जिन्यापाशी. दिवाणखान्यातला तो अधांतरी जिना, त्याला कठडाच नाही! का, तर पऱ्या पंखांनी तोल सांभाळतात.

मला हे काही पटलं नाही. आपल्या वाड्याचा जिना आठव, कठडा असून तू दोनदा गडगडलास. म्हणून माझ्या महालाला कठडा आहे, टूथपिकांचा. प्रत्येक काडी पावणेतीन इंच, कारण माप इंचाला फूट, म्हणजे खऱ्या फुटाचा इथे इंच. गेला अख्खा पावसाळा (म्हणजे तुमचा) त्यातच गेला, आणि तरी वळणावरच्या चार काड्या तिरक्या आहेत. राहू देत.

आता कामाचं. मुदपाकखाना तयार आहे, भांडी नाहीत. इथे मिळतात ती सगळी केटल्या आणि केकची. तर तुळशीबागेतून पितळी भातुकली घे. पट्टी घेऊन जा: हंडा इंचाच्या आतला हवा, कळशी त्याहून लहान. बंब मिळाला तर सोडू नकोस, लागेल ते दे. पाटा-वरवंटा दगडाचाच बघ. दुकानदार "मुलीसाठी का?" विचारेल. लाज वाटली तर वहिनींना पुढे कर.

एप्रिलमध्ये वृंदाची बहीण येतेय, तिच्या बॅगेत जागा धरून ठेवली आहे.

तुझा,
अव्या