‘अंदाज चुकला’ असं कसं काय छापलंत?

संपादक महोदय, स.न.

कालच्या अंकातला सर्कसवरचा लेख वाचला आणि इतका राग आला की आज लिहायलाच बसले. ‘झुल्यावरच्या मुलीचा अंदाज चुकला आणि ती जाळीत कोसळली’, एवढ्या एका ओळीत तुम्ही तिला निकालात काढलंत. मी त्याच खेळाला होते, भाच्याला घेऊन, पुढून तिसऱ्या रांगेत.

आमच्या पुढच्या रांगेत एक गृहस्थ मोबाईल वर धरून उभे होते, फ्लॅश चालू. खेळाआधी माईकवरून दोनदा सांगितलं होतं की झुल्याच्या वेळी फ्लॅश मारू नका. मीसुद्धा म्हटलं, अहो, फ्लॅश तेवढा बंद करा ना, तर म्हणाले एका फोटोनं काय होतंय. मुलगी फळीवरून सुटली, दोन कोलांट्या झाल्या, आता हात पुढे करणार आणि नेमका तेव्हाच खालून लख्ख उजेड. समोरच्या झुल्यावरून तिला धरणाऱ्या कॅचरची बोटं तिच्या मनगटावरून घसरली, हाताला लावलेली पांढरी पावडर हवेत उडाली ती मला तिथून दिसली, आणि मुलगी खाली. भाच्यानं माझा दंड असा आवळला की वळ उठले.

फ्लॅशमुळेच हात सुटला असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण कॅचर गुडघ्यांवर उलटा लटकलेला, दोघंही झोक्यात, मनगटाला मनगट सापडायला पापणी लवण्याइतका वेळ, आणि तेवढ्यात डोळे दिपले तर माणसानं करायचं काय? आणि ‘कोसळली’ काय? जाळी म्हणजे गादी नव्हे हो, त्यात पाठीवरच पडावं लागतं, वेडंवाकडं पडलं तर मान नाहीतर पाय जायचा. तिनं पडता पडता अंग वळवून पाठ खाली घेतली. हे शिकायला किती वेळा पडावं लागलं असेल तिला!

मग ती कडेला आली, जाळीवरून कोलांटी घेऊन उतरली, हाताला परत पावडर चोळली आणि दोरीच्या शिडीनं पुन्हा वर चढली. अख्खा तंबू चिडीचूप. दुसऱ्या वेळी कॅचरनं तिला अचूक धरलं आणि आम्ही सगळे उभे राहिलो, भाचा तर खुर्चीवर. तुमच्या लेखात याची एक ओळ नाही. तुमचे प्रतिनिधी मध्येच उठून गेले होते का?

आणखी एक, फोटोबद्दल. मुलगी पूर्ण आलीये पण कॅचरचे नुसते कोपरापर्यंतचे हात, बाकीचा माणूस कापून टाकलाय, नावही नाही. झुल्याचा हा खेळ सुरू करणाऱ्या ज्यूल लेओतारनं १८५९ साली पॅरिसमध्ये एका झुल्यावरून दुसऱ्यावर झेप घेतली ती एकट्यानं, पण १९८२ साली झुल्यावरच्याच मिगेल वास्केझनं एका झेपेत चार कोलांट्या घेतल्या तेव्हा त्याला धरायला समोर त्याचा भाऊ हुआन होता म्हणून ते जमलं. मुलीचं कौतुक तर कराच, पण जो तिला धरतो त्याचं नाव विचारायला किती वेळ लागतो?

‘अंदाज चुकला’ हे तेवढं दुरुस्त करून छापा. आणि फ्लॅशबद्दल माईकवरून सांगितलेलं लोक ऐकत नाहीत, तुम्ही छापलंत तर कदाचित वाचतील.

आपली,
एक वाचक