पेटीवाले भाई, तुमचं एक देणं राहिलंय

पेटीवाले भाई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही मराठी बोलता, पण वाचत नाही, हे ठाऊक आहे. तुमच्या घरच्या आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातल्याच, त्या वाचून दाखवतील.

गणपतीच्या आधी तीन दुपारी येऊन तुम्ही आमच्या आजोबांची पेटी (हार्मोनियम) दुरुस्त केलीत. त्याचे पैसे तुम्ही मागितले तेवढे मी दिले (खरं तर मागितलेत फारच कमी). पण देणं तेवढ्यानं फिटत नाही.

माझा भाचा फेब्रुवारी २०२२ मध्ये खार्किव्हला मेडिकलला होता. आठवडाभर तळघरात राहिला, मग गर्दीच्या रेल्वेत उभ्याउभ्या पोलंडच्या सीमेपर्यंत पोचला आणि तिथून विमानानं सुखरूप घरी आला. तो आला, पण माझा टीव्ही काही बंद झाला नाही. २०२३च्या एप्रिलमध्ये सुदान पेटलं, ऑक्टोबरमध्ये गाझा. खार्टूम नि रफाह मला रावपुऱ्याच्या गल्ल्यांसारखे पाठ झाले. भाजी निवडतानाही युद्ध, जेवतानाही युद्ध. पेटी कपाटावर पडलेली, तिच्यावर सुटकेस.

यंदा घरात आरतीला पेटी हवी असा नातीनं हट्ट धरला, म्हणून तुम्हाला बोलावलं. झाकण उघडल्यावर आत झुरळांचं राज्य होतं. भात्याचं चामडं कुरतडलेलं. नवीनच घेऊ का, असं मी विचारलं तर तुम्ही जवळजवळ रागावलात. "बेन, जर्मन सूर आहेत. फेकायच्या गोष्टी करू नका." दोनच सूर, म्हणजे आतल्या पितळी पट्ट्या, पार गेले होते; त्यांच्या जागी तुम्ही पालिताण्याला बनलेले बसवलेत.

सूर जुळवायला बसलात तेव्हा माझा टीव्ही चालूच होता, आवाज बारीक केलेला. तुम्ही दोनदा मान तिरकी करून ऐकलंत आणि म्हणालात, "बेन, तो बंद करा ने. सूर ऐकू येत नाही."

मी बंद केला. घरातली अशी शांतता किती दिवसांनी ऐकत होते, कोण जाणे!

मग तुमची ती बारीक कानस. टोकाशी घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, हे मला या वयात कळलं. खर्ज आणि नर, म्हणजे एकाच पट्टीचे खालचा नि मधला सूर, एकदम वाजवलेत तेव्हा त्यांच्यातून वाँव-वाँव अशी लाट येत होती. तुम्ही एकदा घासायचात, फुंकर मारायचात, पुन्हा वाजवायचात. लाट मंदावत गेली. मग दोन सूर आहेत हेच ऐकू येईना. मी हातातली गवार तशीच धरून बसले होते.

तिसऱ्या दुपारी मी तुम्हाला नूरची गोष्ट सांगितली, आठवतं? मौलाबक्ष गवयांनी १८८६ मध्ये इथे बडोद्यात गायनशाळा काढली. त्यांचे नातू सूफी गायक इनायत खान, जन्म इथलाच, १८८२चा. नूर त्यांची लेक. वीणा वाजवायची, मुलांसाठी गोष्टी लिहायची, आणि १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमधून इंग्रजांसाठी चोरून वायरलेसवर निरोप पाठवायची. १३ सप्टेंबर १९४४ला दाखाऊच्या छळछावणीत तिला गोळी घातली. कशाला सांगितली कोण जाणे. युद्धाशिवाय माझ्याकडे दुसरं बोलणंच उरलं नव्हतं बहुधा. तुम्ही कानस थांबवलीत. मला वाटलं, कोणी पकडून दिलं वगैरे विचाराल. तुम्ही विचारलंत, "मग घरात वाजवणारं कोणी राहिलं का?"

तिचा धाकटा भाऊ हिदायत संगीतकार झाला, असं मी म्हटलं. "हं," म्हणालात आणि पुढचा सूर काढलात. चार वर्षं मी बातम्या बघतेय, पण हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता.

जाताना मला भूप राग वाजवायला लावलात. माझी बोटं लाकडासारखी झालेली, पंचमावरून धैवतावर जाताना दोनदा अडखळले. तुम्ही चप्पल घालून दारात उभे होतात, तरी आरोह-अवरोह पुरा होईपर्यंत हलला नाहीत. त्याबद्दल मनापासून आभार. बाकी सगळ्याबद्दलही, पण त्याबद्दल जास्त.

आता संध्याकाळी नात आणि मी बसतो. नऊच्या बातम्या मी अजून बघते, खोटं कशाला सांगू. भाच्याचे दोन वर्गमित्र अजून तिकडेच आहेत.

एक काम आहे. वरच्या सप्तकातली काळी दोनची पट्टी दमट हवेत दाबली की वर येत नाही. नातीनं त्यात आगकाडी खुपसून पाहिली, माझी परवानगी नव्हती. दिवाळीनंतर सवडीनं या. चहात साखर कमी, लक्षात आहे.

तुमची,
वाड्यातली बेन