निळा पंप परवडतो, रोजचा परवडत नाही

मा. आरोग्यमंत्री यांस,

सादर नमस्कार.

मी दम्याची जुनी रुग्ण. माझ्याकडे दोन पंप असतात. धाप लागली की ओढायचा निळा, आणि धाप लागूच नये म्हणून सकाळ-संध्याकाळ घ्यायचा दुसरा. पैशांची ओढाताण झाली की सुटतो तो दुसराच, कारण तो बंद केल्याचं पहिले काही दिवस जाणवतही नाही. मीही एका महिन्याचा पंप दोन महिने पुरवला आहे. डॉक्टरांना सांगितलं नाही; लाज वाटली.

निळ्या पंपातलं साल्ब्युटामॉल आवळलेल्या श्वासनलिका मिनिटांत सैल करतं, पण आतली सूज तशीच राहते. ती उतरवतं रोजच्या पंपातलं स्टेरॉइड. मोठ्या माणसांचा दमा नुसत्या साल्ब्युटामॉलवर सांभाळू नये, असं 'जिना' या दम्याच्या उपचारांची दिशा सांगणाऱ्या जागतिक तज्ज्ञमंडळाच्या मार्गदर्शनात २०१९ पासून आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार त्याच वर्षी दम्यानं साडेचार लाखांहून जास्त माणसं दगावली.

पंप महाग होतात ते औषध नवं असतं म्हणून, असंही नाही. निळ्याचंच उदाहरण घ्या. साल्ब्युटामॉल १९६९ पासून विकलं जातं. त्याचं पेटंट केव्हाच संपलं. उरतात ती पंपाची पेटंटं. कधी तोंडाशी धरायच्या भागावर, कधी मात्रा मोजणाऱ्या आकड्यावर, कधी फवारा उडवणाऱ्या वायूवर. ओझोन वाचवण्यासाठी १९८७ चा माँट्रियल करार झाला आणि पंपांतला जुना वायू टप्प्याटप्प्यानं गेला. ते योग्यच झालं. पण अमेरिकेत २००८ अखेर साल्ब्युटामॉलचे जुने पंप बंद झाले, तेव्हा स्वस्त जेनेरिकही त्यांच्याबरोबर गेलं आणि पेटंटवाल्या पंपांना रान मोकळं मिळालं. आता नंतर आलेला वायूही हवामान तापवतो म्हणून पुन्हा बदल सुरू झाला आहे. या वेळी वायू बदलेल तसा भाव चढू देऊ नका. आधी स्वस्त पर्याय बाजारात येऊ द्या, मग जुना पंप काढा.

गोळीची जेनेरिक आवृत्ती काढणं सोपं. पंपाचं तसं नाही. फवाऱ्यातले कण फुप्फुसात तितकेच पोहोचतात हे दाखवावं लागतं. ती चाचणी सैल करा असं मी म्हणणार नाही, शेवटी ओढायचं मलाच आहे. मात्र निकष आधी जाहीर करा आणि अर्ज वर्षानुवर्षं पडू देऊ नका. डबीतल्या किरकोळ बदलाला नवं पेटंट देताना तर हात आखडाच.

अमेरिकेत २०२४ मध्ये तीन मोठ्या कंपन्यांनी पंपांवरचा रुग्णाचा महिन्याचा खर्च ३५ डॉलरवर आणायचं जाहीर केलं. दिलासा मोठा, पण भाव ठरवणं कंपन्यांच्याच हाती राहिलं. ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉलचा पंप, म्हणजे सूज उतरवणारं स्टेरॉइड आणि श्वासनलिका सैल करणारं औषध एकत्र असलेला, जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. तो सरकारनं एकत्रित खरेदी करून निळ्याइतका स्वस्त द्यावा. जमलं तर फुकट.

आपली,
एक दमेकरी

ता. क. : मात्रेचा आकडा सगळ्याच पंपांवर नसतो. औषध संपलं तरी वायू उरतो, त्यामुळे फवारा उडतच राहतो. स्वस्त पंपावरही तो आकडा हवा.