चमकणाऱ्या गोमीवर विषाचे दाणे कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रात्री चमकणाऱ्या गोमीचा व्हिडिओ सध्या आमच्या वाडीत मोबाईलवर फिरतो आहे. ‘चावली तर माणूस वाचत नाही’ अशी खाली पुस्ती. लगेच दोघांनी पोफळीच्या आळ्यांत दाणेदार कीटकनाशक टाकलेसुद्धा!

ही गोम म्हणजे घोण (मोठी, जाड गोम) नव्हे. घोण चावली की कळा निघतात, ते खरेच. ही सुतळीसारखी बारीक, पिवळट, मातीत राहणारी. ऑर्फनियस ब्रेविलॅबिएटस असे तिचे शास्त्रीय नाव. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ न्यूपोर्ट यांनी १८४५ साली तिचे वर्णन केले. उष्ण कटिबंधात सर्वदूर सापडते. डिवचली की पोटाकडच्या ग्रंथींतून चिकट स्राव सोडते आणि तो निळसर-हिरवा चमकतो. पातेरा ओढताना माझ्या खोऱ्याच्या पात्यालाही तो लागला होता. गोम निघून गेली तरी पाते थोडा वेळ उजळतच होते. गंमत म्हणजे या गोमींना डोळेच नसतात.

मातीत राहणाऱ्या अशा गोमींच्या पायांच्या जोड्या नेहमी विषम, जातीनुसार २७ ते १९१. मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून राखण करते. खाणे अळ्या, किडे आणि (हे मला फारसे रुचत नाही) गांडुळेही. तरी आळ्यातले विष आधी गांडुळांनाच भोवते, आणि पावसात ते वाहत विहिरीकडेच येणार.

आपल्या कृषी पानावर घोण आणि ही गोम यांची छायाचित्रे शेजारी-शेजारी छापावीत, ही विनंती. मृगाच्या आत छापलीत तर बरे.

आपला,
एक बागायतदार, गुहागर